डॉ. श्टायगर यांचा गौरव कितपत योग्य?

राजमाची (मूळ लेखन): स्वित्झर्लंडमधील लुत्सर्न कॅन्टनचे (कॅन्टन म्हणजे तेथील घटकराज्य) डॉक्टर याकोब रॉबर्ट श्टायगर (१८०१–१८६२) यांना उदारमतवादाचे नायक मानले जाते. मला हा गौरव मान्य नाही. लुत्सर्नचे १८४१ चे संविधान जनमताने मंजूर झाले होते, नको असलेला कायदा नाकारण्याचा अधिकार त्यात मतदारांना दिलेला होता आणि त्याच व्यवस्थेतून निवडून आलेल्या महापरिषदेने, म्हणजे कॅन्टनच्या विधिमंडळाने, १८४४ मध्ये धर्मशिक्षणासाठी जेझुइट या कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांना बोलावले. हा निर्णय कितीही खटकला, तरी १८४५ च्या मार्चअखेरीस सुमारे साडेतीन हजार सशस्त्र स्वयंसेवक कॅन्टनच्या राजधानीवर चालून गेले आणि एक डॉक्टर त्यांच्या पुढाऱ्यांत होता, याचे समर्थन कसे करायचे? त्यात शंभराहून अधिक माणसे मेली.

कृष्णातीर: असहमत. डिसेंबर १८४४ चा पहिला उठाव फसल्यावर सरकारने अशी धरपकड केली की शेकडो उदारमतवादी परागंदा झाले. दुसऱ्या मोहिमेत शेजारच्या कॅन्टनांतील लोकांबरोबर घरदार सुटलेले हे लुत्सर्नकरही होते. तीही फसली आणि पुढे श्टायगर यांना मृत्युदंड सुनावला गेला, तेव्हा त्यांच्यावर पहारा करणाऱ्या तिघा शिपायांनीच जून १८४५ मध्ये त्यांना तुरुंगातून बाहेर काढले आणि झुरिकमध्ये त्यांचे जंगी स्वागत झाले. ज्या सरकारचे पहारेकरीच कैद्याबरोबर पळून जातात, त्याच्या मागे सगळी जनता होती असे म्हणवत नाही.

राजमाची: तीन शिपाई म्हणजे जनमत नव्हे. जनमत १८४१ मध्ये मोजले गेले होते.

अभ्यासू_वाचक: याच कॅन्टनमधील इग्नाझ पाउल व्हिटाल ट्रॉक्सलर यांचा विचार येथे व्हायला हवा. तेही डॉक्टर आणि कट्टर उदारमतवादी, पण त्यांचे शस्त्र लेखणी होती. अमेरिकेच्या धर्तीवर स्विस संसदेची दोन सभागृहे असावीत, असे त्यांनी १८४८ च्या आरंभी एका पुस्तिकेत मांडले. त्याच वर्षीच्या नव्या स्विस संविधानात तशी रचना आली आणि चिमुकल्या उरीला राज्यसभागृहात बलाढ्य बर्नइतक्याच, म्हणजे दोन जागा मिळाल्या. १८४७ च्या यादवी युद्धात पराभूत झालेल्या कॅथलिक कॅन्टनांना त्यामुळे संघराज्यात मानाने राहता आले. माझ्या मते श्टायगर यांच्यापेक्षा ट्रॉक्सलर यांचे काम मोठे आहे.

कृष्णातीर: ट्रॉक्सलर यांच्याविषयी दुमत नाही. परंतु ती पुस्तिका त्याच, म्हणजे नोव्हेंबर १८४७ च्या झोंडरबुंड युद्धानंतरची आहे. संघीय सेनेचे जनरल द्युफूर यांनी महिनाभराच्या आत कॅथलिक कॅन्टनांची युती मोडली, म्हणूनच तो कागद विचारात घेतला गेला. शिवाय श्टायगर सत्ता आल्यावर सूड घेत बसले नाहीत. नव्या राष्ट्रीय परिषदेचे (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे) ते सुरुवातीच्याच काळात अध्यक्ष झाले आणि १८६० मध्ये त्यांनी लुत्सर्नच्या वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. नुसत्या बंडखोराचे हे आयुष्य नव्हे.

राजमाची: ग्रंथाचा मलाही आदर आहे. मात्र १८४८ च्या त्याच संविधानाने जेझुइटांवर देशभर बंदी घातली आणि ती थेट १९७३ मध्ये सार्वमताने उठली. श्टायगर यांच्या पक्षाने मिळवलेल्या स्वातंत्र्याची मोजणी करताना ही सव्वाशे वर्षे वगळू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.