दोन भाषा आणि झटका सोसलेला मेंदू

एमआरआयमध्ये पक्षाघाताचे जुने छोटे झटके दिसूनही तुमचे वडील किराणा दुकानाचा हिशेब तोंडी करतात, हे कसं, असं तुम्ही विचारलंय. मेंदूची राखीव शक्ती ती हीच. एक वाट बंद पडली की मेंदू दुसरी वापरतो. शिक्षण, कामातली डोकेफोड आणि माणसांत असणं यांनी अशा वाटा तयार होतात.

एकाहून जास्त भाषांचाही असाच हातभार लागतो का? हैदराबादच्या निम्स या रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास केला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्के लोकांची विचारशक्ती शाबूत होती, एकभाषिकांत फक्त १९.६ टक्के. वाचा जाण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखंच. मला यातलं हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण राखीव शक्ती सगळ्यातून वाचवत नाही.

माझी आई सोलापूरची. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारणीशी कन्नड. झटक्यानंतर महिन्याभरात ती ओट्यावर मेथी निवडत तिघींशी तीन भाषांत बोलायची. आम्ही निर्धास्त झालो. पण तीच आई गोळ्यांच्या पाकिटावरची वेळ दोनदा चुकली, तेव्हा कळलं की राखीव शक्ती इजा झाकते, भरून काढत नाही. पुढचा झटका ती अडवत नाही. त्यासाठी रक्तदाब आणि साखर आटोक्यातच हवी, तंबाखू बंदच.

म्हणून कळकळीने विचारते, वडिलांचा रक्तदाब घरी मोजता का? सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा आणि पुढच्या खेपेला ती वही डॉक्टरांना दाखवा.