अनुभव धागा : मोठ्या प्रसंगाचे जेवण आणि जपानी रेस्टॉरंटची निवड

निशिकासाईकर

दिवाळीच्या आवराआवरीत काल जुन्या फायलींच्या खणातून जाड, खरबरीत कागदावर कुंचल्याने लिहिलेले एक मेनूकार्ड निघाले आणि नोव्हेंबर २०१४ मधली क्योतोची एक संध्याकाळ जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहिली. बाबांची साठीशांत नाशिकला नुकतीच झाली होती आणि आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे तोक्योला आले होते. जपानमध्येही साठीला फार मान आहे. आपल्याकडे जसा साठ संवत्सरांचा फेरा, तसेच त्यांच्या जुन्या पंचांगातही साठ वर्षांचे चक्र असते. ते पूर्ण झाले की माणसाचा नवा जन्म झाला असे मानून त्याला तान्ह्या बाळाचे म्हणून लाल जाकीट घालतात. या सोहळ्याला ‘कानरेकी’ म्हणतात. हे कळल्यावर बाबांना तिथल्या रीतीनेही एक जेवण द्यावे, असे मला मनापासून वाटले.

मी तीन महिने आधी एक नामांकित काइसेकी (एकामागून एक छोटे पदार्थ ठरलेल्या क्रमाने वाढणारे) रेस्टॉरंट निवडले, आणि निवडले ते केवळ नावावरून. बाबा मासे आवडीने खातात, पण आई जन्माची शाकाहारी आहे. फोनवर मी ‘एक व्यक्ती शाकाहारी आहे’ एवढेच सांगितले, त्यांनीही ते नम्रपणे लिहून घेतले, आणि मला वाटले की काम झाले.

तिसऱ्या पदार्थाला झाकणाची काळी लाखी वाटी आली. अशा वाटीचे झाकण वाफेने घट्ट बसते, म्हणून ती दोन्ही बाजूंनी हलकेच दाबावी लागते. आईने मी दाखवल्याप्रमाणे दाबली, झाकण उचलले, झाकणाच्या आतले थेंब वाटीत निथळू दिले, आणि वाटी तोंडाजवळ नेऊन तशीच खाली ठेवली. ती एवढेच म्हणाली, “यात सुकी मासळी आहे रे.” वाटीत मुळा आणि टोफू यांखेरीज काहीही नव्हते, पण ज्या रश्श्यात ते होते तो दाशी सुकवलेल्या बोनितो माशाच्या कीसाचा होता.

मुख्य आचारी स्वतः खोलीत आले, गुडघे टेकून त्यांनी क्षमा मागितली, आणि वीस मिनिटांत आईसाठी मातीच्या भांड्यात फक्त कोम्बू या समुद्री शेवाळाच्या पाण्यात उकळलेला टोफू आणून ठेवला. आईने पहिला घास घेतला आणि तिचा चेहरा खुलला. “अरे, हे तर खरवसासारखे लागते,” ती म्हणाली. तरीही बाबांच्या साठीच्या जेवणात तिची पाच-सहा ताटे न शिवता परत गेली, याची खंत मला अजून आहे. अशा प्रसंगासाठी तुम्ही जागा कशी निवडली, काय विचारले आणि काय विचारायचे राहून गेले, ते कृपया सविस्तर लिहावे.

कोकमआगळ

तुमच्या आईंचे ते एक वाक्य वाचून मला माझी आई आठवली. तिलाही वासावरूनच सारे कळत असे.

शाकंभरी

दादा, तोक्योत राहणाऱ्या प्रत्येक शाकाहारी घराने हा अनुभव कधी ना कधी घेतला आहे. तिथे ‘शाकाहारी’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा ‘ताटात मांसाचा वा माशाचा तुकडा नको’ इतकाच घेतला जातो. रस्सा, सोयासॉसचे मिश्रण, भाज्या शिजवायचे पाणी या सगळ्यांत दाशी असतो आणि तो त्यांना मासा वाटतच नाही, कारण तो त्यांच्या स्वयंपाकाचा पाया आहे. म्हणून मी आरक्षण करताना सरळ विचारते की रस्सा कात्सुओबुशीऐवजी (म्हणजे त्या सुक्या बोनितोच्या कीसाऐवजी) फक्त कोम्बू आणि सुक्या शिताके अळंब्यांचा करता येईल का. ‘होय’ हे उत्तर लगेच आले, तर तो स्वयंपाकी जाणकार आहे असे समजावे. ते थोडे थांबून ‘प्रयत्न करू’ म्हणाले, तर मी आभार मानून दुसरी जागा पाहते.

याहून निर्धास्त मार्ग म्हणजे शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध मठांमधला शाकाहारी स्वयंपाक. त्यात मासा नसतोच, शिवाय कांदा-लसणासारख्या उग्र वासाच्या पाच भाज्याही वर्ज्य असतात, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या सासूबाई तिथे निश्चिंत जेवल्या. तोक्योत आतागो टेकडीजवळचे दाइगो हे या परंपरेतले उंची रेस्टॉरंट आहे. क्योतोत आराशियामाला तेनर्‍यूजी मंदिराच्या आवारात शिगेत्सु आहे. तिथे फक्त दुपारचे जेवण मिळते. मात्र कोणी जैन पाहुणे असतील, तर कमळाची मुळे, गोबो आणि अळकुडीसारखे कंद शोजिनमध्येही भरपूर असतात हे लक्षात ठेवावे, आणि मद्य अजिबात चालत नसेल, तर मिरिन (स्वयंपाकातले गोड मद्य) व साके (तांदळाचे मद्य) यांबद्दलही वेगळे विचारावे.

अळूवडी

शाकंभरीताई, सुके शिताके आणि कोम्बू घेऊन घरी रस्सा करायचा झाला, तर ते किती वेळ भिजवावे?

शाकंभरी

दोन्ही रात्रभर थंड पाण्यात ठेवावेत. कोम्बू पाण्याला उकळी फुटायच्या आधी काढून घ्यावा, नाहीतर रस्सा बुळबुळीत आणि कडवट होतो.

सुरमईप्रेमी

मी दुसऱ्या टोकाचा अनुभव लिहितो. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही दोघे गिंझातल्या एका लहान सुशीच्या दुकानात गेलो होतो. तिथे ओमाकासे पद्धत होती, म्हणजे निवड पूर्णपणे आचाऱ्यावर सोपवायची. काउंटरला आठ जागा होत्या आणि सगळ्यांनी एकाच वेळी जेवायला बसायचे होते, त्यामुळे उशीर करणे म्हणजे इतर सहा जणांना ताटकळत ठेवणे. अत्तर लावून येऊ नये अशी विनंती त्यांनी आधीच केली होती, आणि ती रास्तच आहे, कारण कोमट भाताच्या व्हिनेगरचा हलका वास हाच तिथला अर्धा आनंद असतो.

आचाऱ्याने तळहातावर भात दोन-तीनदा दाबून वर कोहादा मासा ठेवला, ब्रशने सोयासॉस फिरवला आणि समोर ठेवला. तो तिथल्या तिथे खायचा असतो, कारण भात अंगाच्या उबेइतका गरम आणि मासा थंड, हा मेळ फार थोडा वेळ टिकतो. इतका सुंदर घास मी आयुष्यात खाल्लेला नाही. पण दोन तास आम्ही दोघेही आचाऱ्याच्या हातांकडे पाहत होतो आणि एकमेकांशी जेमतेम दहा वाक्ये बोललो. माझे प्रामाणिक मत असे की ज्यांना खाण्यातच प्रसंग साजरा करायचा आहे, त्यांच्यासाठी काउंटर उत्तम आहे. ज्यांना एकमेकांशी बोलायचे आहे, त्यांनी स्वतंत्र खोली असलेले काइसेकी घ्यावे.

रेस्टॉरंटना तारे देणाऱ्या मिशलिन मार्गदर्शिकेविषयीही सांगतो. सुकियाबाशी जिरो हे जगप्रसिद्ध दुकान २०२० च्या आवृत्तीतून वगळले गेले, ते तिथली सुशी उतरली म्हणून नव्हे, तर सर्वसामान्य ग्राहकाला तिथे आरक्षण मिळत नाही म्हणून. तारे पाहून जागा ठरवणाऱ्यांनी एवढ्यावरून काय ते ओळखावे.

पाटरांगोळी

माझे वय ७२ आहे आणि माझ्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे, म्हणून मी फक्त बसण्याविषयी लिहिते. पाटावर मांडी घालून जेवण्यात आमचे बालपण गेले, पण लेकीने ओसाकात तातामीच्या (जमिनीवर गवती चटया अंथरलेल्या) खोलीत नेले तेव्हा मला खाली बसताच येईना, आणि तिचा वाढदिवस असून ती बिचारी सारा वेळ माझ्या पायांकडेच बघत होती. नंतर कळले की होरिगोतात्सु नावाचा प्रकार असतो. त्यात मेजाखाली खड्डा असल्यामुळे बसायचे जमिनीवर, पण पाय खुर्चीवर बसल्यासारखे खाली सोडता येतात. बरोबर कोणी वडीलधारे असेल, तर मुलांनो, पदार्थांच्याही आधी हे विचारा.

कोकमआगळ

काकू, शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांनी जिना चढता आला? माझ्या सासऱ्यांची पुढच्या महिन्यात ठरली आहे.

पाटरांगोळी

मला तीन आठवड्यांनी आधाराने जमले. त्यांना व्यायाम चुकवू देऊ नकोस गं.

दादरची_सई

आम्हाला जपानला जाणे शक्य नव्हते, म्हणून आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मुंबईतच ताजमहाल पॅलेसमधल्या ‘वासाबी बाय मोरिमोतो’ला गेलो. ते २००४ पासून तिथे आहे. बाबांना कच्चा मासा नको होता आणि ते सांगायला ते संकोचत होते. मी आधीच फोन करून सगळे पदार्थ शिजवलेलेच हवेत असे सांगितले होते, त्यामुळे मिसोत (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणात) मुरवून भाजलेला ब्लॅक कॉड मासा आणि तेम्पुरा (पिठात बुडवून तळलेले पदार्थ) यांवर त्यांचे पोट आणि मन दोन्ही भरले. माझा आग्रह एवढाच की जपानी म्हणजे सुशीच, अशा समजुतीने घरातल्या वडीलधाऱ्यांना अवघडवू नये. भाजणे, तळणे, वाफवणे, मंद शिजवणे हे सगळे त्या स्वयंपाकात तितक्याच तोलामोलाचे आहे.

अळूवडी

खर्चाचा अंदाज कोणी देईल का? आम्ही एप्रिलमध्ये चौघे जाणार आहोत.

सुरमईप्रेमी

क्योतोतल्या नावाजलेल्या काइसेकीला रात्री माणशी ३०,००० येन सहज लागतात, आणि त्याशिवाय सेवाशुल्क व १० टक्के कर असतो. टीप मात्र देऊ नये. तेच स्वयंपाकघर दुपारी पुष्कळदा निम्म्या किमतीत जेवण देते, आणि दिवसाउजेडी बागही दिसते. ऐनवेळी रद्द केल्यास पूर्ण रक्कम भरावी लागते, म्हणून प्रवासाच्या पहिल्याच दिवशी आरक्षण ठेवू नका. विमानाला उशीर झाला तर सगळेच हातचे जाईल.

निशिकासाईकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाटरांगोळी काकू, तुमचा सल्ला विशेष उपयोगी पडला, कारण बाबांचे गुडघे आता दुखतात. एक गोष्ट मी मघाशी लिहिली नव्हती. त्या रात्री आम्ही कानरेकीसाठी आलो आहोत हे त्यांना माहीत होते, म्हणून बाबांसमोर मिठात भाजलेला अख्खा ताई मासा आला. ‘मेदेताई’ म्हणजे शुभ, आणि त्या शब्दाच्या शेवटी माशाचे नाव येते, म्हणून तो मंगल प्रसंगी वाढतात. बाबांनी तो आधी आईकडे वळवून दाखवला आणि मगच हात लावला.

येत्या वर्षी आई सत्तर वर्षांची होईल. जपानमध्ये सत्तरीला ‘कोकी’ म्हणतात आणि तिचा रंग जांभळा असतो. आज सकाळी मी आराशियामाच्या दुपारच्या जेवणासाठी ईमेल पाठवला, आणि त्यात दाशी कोणता आणि बैठक कशी, हे दोन्ही प्रश्न सर्वांत वर लिहिले. आईला फोनवर रंगाचे सांगितले, तर तिने तेवढ्यात जांभळी पैठणी उन्हाला टाकलीसुद्धा.