फोडणीच्या स्वयंपाकघरात कपाटांना कुठली काच?

ओटेवाली (डोंबिवली)

२२ वर्षांनी स्वयंपाकघराला हात लावलाय. ओटा, ट्रॉल्या, टाइल्स सगळं ठरलं, सुताराला आगाऊ पैसेही देऊन झाले, आणि आता चार दारांवर घोडं अडलंय. ओट्यावरच्या कपाटांना एका ओळीत चार दारं आहेत, प्रत्येक साधारण १६ इंच रुंद आणि २८ इंच उंच. त्यांना काच बसवायची, एवढ्यावर घरात एकमत आहे. पुढे नाही.

सासूबाईंना साधी, आरपार काच हवी. त्यांच्या लग्नातले पितळी डबे आणि दोन गंज इतकी वर्षं माळ्यावर पडून आहेत, "आता तरी ते चार माणसांना दिसू देत." नवरा म्हणतो फ्रॉस्टेड घे, आतला पसारा झाकला जाईल (पसारा कोणाचा, हे तो बोलत नाही). इंटिरियरवाल्या मुलीनं काळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत उभ्या रेघांची ब्राँझ रंगाची काच सुचवलीये, फ्लुटेड का काय ती. फोटोत फार देखणी दिसते. पण त्या फोटोतल्या ओट्यावर कोणी कधी मोहरी तडतडवली असेल असं वाटत नाही. आमच्याकडे रोज दोन फोडण्या, रविवारी तळण. चिमणी आहे, पण आवाज होतो म्हणून सासूबाई ती बंद करतात.

माझ्या डोक्यात तिसरंच. गिरगावात मामाच्या खोलीत भिंतीतल्या कपाटाला दाणेदार काच होती. तिला पिनहेड म्हणतात हे परवा दुकानात कळलं. तिच्यातून आजीची हळदीची बरणी म्हणजे नुसता एक पिवळा डाग दिसायचा. ती काच अजून मिळते!

तर विचारायचं असं, की रेघांची काच पुसायला किती वैताग आहे? एवढ्याशा दारांना टफन्ड (भट्टीत तापवून कडक केलेली) काच लागतेच का? आणि डावीकडचं शेवटचं दार गॅसपासून जेमतेम हातभर लांब आहे, त्याला काच लावू की नको?

काचवाला_सांगली

ताई, काच कापण्यात २५ वर्षं गेली, त्यामुळे जरा लांबण लावतो.

टफन्डच घ्या. दार लहान असलं तरी ते डोक्याच्या उंचीवर आहे. साधी काच फुटली की तिच्या सुऱ्या होतात, टफन्डचे बारीक खडे होतात. पण ती एकदा भट्टीतून आली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड मिलीमीटरभर घासूनही देता येत नाही. म्हणून सुताराला आधी चौकटी पुऱ्या करू द्या, मग माप घ्या. चारही दारं सारखी आहेत यावर सुताराचा फार विश्वास असतो, तुम्ही ठेवू नका. प्रत्येक चौकट वेगळी मोजा आणि काच खाचेच्या मापापेक्षा दोन-तीन मिलीमीटर कमीच सांगा. मुठीसाठी काचेत भोक हवं असेल तर तेही आत्ताच ठरवा. काच आली की कोपऱ्यात टफन्डचा शिक्का आहे का बघा.

वजनाचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर काच, जाडी १ मिमी, तर वजन अडीच किलो. तुमच्या एका दाराची ४ मिमीची काच तीन किलोच्या आत बसते, ५ मिमीची साडेतीन किलोच्या थोडी वर. शिवाय चौकटीचं वजन. बऱ्या प्रतीच्या दोन बिजागऱ्या पुरतात.

आता रेघांचं. या काचेची एकच बाजू खरबरीत असते, दुसरी सपाट. सपाट बाजू बाहेर, स्वयंपाकघराकडे ठेवायची. रेघा आत गेल्या की पुसायला साध्या काचेइतकीच सोपी. पिनहेडचंही तसंच. बसवणारे कारागीर बरेचदा उलटं करतात, कारण बाहेरून हाताला रेघा लागल्या की गिऱ्हाईक खूश होतं. सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक जुना टूथब्रश घेऊन रेघा घासत बसतं.

आणि मापाच्या चिठ्ठीवर रेघांची दिशा लिहा. मी स्वतः एकदा लिहिली नाही. तीन काचा उभ्या रेघांच्या आल्या, चौथी आडव्या. टफन्ड झालेली, त्यामुळे काही करता येईना. ती काच अजून दुकानात आहे, तिच्यावर चहाचे कप ठेवतो.

साधीसुधी

फ्रॉस्टेडवाल्यांनी माझी गोष्ट वाचावी. आम्ही वाळूच्या माऱ्यानं खरवडलेली काच घेतली, वर हौसेनं "अन्नपूर्णा" कोरून घेतलं. खरवडलेली बाजू बाहेर. तेलाचा हात लागला की तेवढी जागा आरपार दिसायची! बोटांचे पाच ठसे म्हणजे पाच खिडक्या. पुसलं की डाग पसरायचा, साबणाच्या पाण्यानं दोनदा धुतल्याशिवाय निघायचा नाही. शेवटी काचा उलट्या करून बसवल्या, खरवडलेली बाजू आत. डागांचा त्रास संपला. अन्नपूर्णा मात्र तेव्हापासून उलटी आहे, आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक लहान मुलगा ते मोठ्यानं वाचून दाखवायचा प्रयत्न करतो.

अ‍ॅसिडनं घासलेली काच मिळते, ती हाताला मऊ लागते आणि डाग कमी धरते. बहिणीकडे आहे. पण तीही गॅसशेजारी नकोच.

कराडचा_कंदील

थोडं अवांतर. आम्ही ओगलेवाडीच्या शेजारचे. तिथला ओगल्यांचा काच कारखाना १९१६ चा, प्रभाकर कंदील तिथलाच. आजी त्या कंदिलाची काच चुलीच्या राखेनं आणि सुक्या फडक्यानं पुसायची, आणि काच हातात असताना घरात कोणी बोलायचं नाही. तुमच्या काचांना भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, कोमट पाणी आणि वर कोरडं वर्तमानपत्र पुरे. राख सुचवत नाही.

मडगावची_माई

आमच्या जुन्या घराच्या खिडक्यांना काच नाही, शिंपल्यांची तावदानं आहेत. उजेड आत येतो, पण बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. पिनहेडचं, रेघांचं काम तेच. म्हणून कपाटात दिवे लावणार असाल तर आत्ताच ठरवा. आरपार काचेमागे एलईडीची पट्टी लावली की आतल्या डब्यांवर ठिपक्यांची रांग चमकते, नक्षीच्या काचेमागे ती विरघळते.

आणि कपाट आतून कसं आहे? आमच्याकडे बाहेरून सुंदर, दार लावलं की आतल्या फळीची कड बरोब्बर काचेच्या मधोमध. फळ्या कुठे येणार ते सुताराला आधी विचारा.

ओटेवाली (डोंबिवली)

सगळ्यांचे आभार. काचवालेदादा, तुमचं वाचून दुकानातून तीन नमुने मागून आणले, वहीच्या पानाएवढे. काल दुपारी सासूबाई आणि मी डबे मांडून बसलो.

ब्राँझ पहिल्या मिनिटात बाद. तिच्यामागे हळद कॉफीसारखी दिसते आणि पितळ न घासल्यासारखं. सासूबाई म्हणाल्या, "मग घासायचं कशाला?"

पिनहेडवर माझा जीव होता. पितळी डबा मागे धरला, त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "डब्याला मोतीबिंदू झालाय गं." मला हसू आवरेना. बरणी छान दिसते हो तिच्यामागे, पण पितळ नाही दिसत.

बिनरंगी रेघांची काच धरली तेव्हा एक गंमत कळली. डबा काचेला जवळजवळ चिकटवून ठेवला तर त्याची कडी, झाकण सगळं ओळखू येतं. तोच चार बोटं मागे सरकवला की नुसत्या सोनेरी उभ्या पट्ट्या. म्हणजे पितळ पुढे, पोह्यांचे पुडे आणि प्लॅस्टिकचे डबे मागे. सासूबाईंचं दिसेल, नवऱ्याचं झाकेल.

गॅसजवळच्या दाराला काच नाही. टफन्ड काच उष्णतेनं तडकायची नाही हे पटलं, पण रोज उडणारं तेल पुसायचं कोणी? मग तीन काचेची आणि एक लॅमिनेटचं असं लंगडं दिसेल म्हणून इंटिरियरवाली हिरमुसली, तेव्हा उजवीकडचं शेवटचंही बंदच केलं. मधली दोन काचेची, ४ मिमी, टफन्ड. फळीची कड माईंनी सांगितल्याप्रमाणे बघितली, खरंच मधोमध येत होती, सुतार फळी दोन इंच खाली घेतोय.

पिनहेडचा तुकडा मी परत दिलेला नाही. देवघराच्या छोट्या दारात बसेल असं वाटतंय.

काचवाला_सांगली

तो तुकडा टफन्ड नसेल तर कापून मिळेल, कडा घासून घ्या. चिठ्ठीवर दिशा लिहिलीत?

ओटेवाली (डोंबिवली)

लिहिली. बाणही काढलाय, आणि "सपाट बाजू बाहेर" खाली दोन रेघा मारल्यात. काचा गुरुवारी येतायत. सासूबाईंनी चिंच भिजत घातलीये.