रेडिओने खान्देशातल्या बायका राजकारणात आणल्या का?

तापीकाठची: माझं म्हणणं सरळ आहे. घटनादुरुस्तीने 1993 पासून पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने 2011 मध्ये ते प्रमाण वाढवून निम्म्यावर नेलं. पण त्या खुर्चीवर बसून तोंड उघडायची तयारी रेडिओने करून घेतली. यावल तालुक्यातल्या आमच्या घरी पेपर ओट्यावर पुरुषांच्या हातात असायचा, आईकडे यायचा तो भाकरी बांधायला. रेडिओ मात्र चुलीजवळच्या फळीवर. भाकरी थापता थापता तिने ठराव, अविश्वास, कोरम हे शब्द उचलले. राखीव जागेवर सदस्य झाली आणि पहिल्याच बैठकीत सहीसाठी रजिस्टर पुढे आलं, तेव्हा म्हणाली, "आधी वाचून दाखवा." वाचावंच लागलं.

अमळनेरकर: ताई, आईंबद्दल आदर आहेच, पण श्रेय भलतीकडे जातंय. माझ्या आजीने जन्मभर रेडिओ ऐकला, ग्रामसभेची पायरी चढली नाही. बायकांच्या कार्यक्रमात जास्त करून लोणची, विणकाम आणि बाळाचे डोस. प्रतिभाताई पाटील 1962 मध्ये जळगावातून आमदार झाल्या, तेव्हा जळगावला आकाशवाणी केंद्रसुद्धा नव्हतं.

तापीकाठची: भाऊ, प्रतिभाताई वकिली शिकलेल्या होत्या. मी चौथीत शाळा सुटलेल्या बाईबद्दल बोलतेय. तिच्याकडे दुसरं होतं काय? आणि आजींना जागा राखीव नव्हती, हेही धरा.

माजी सरपंच, चोपडा: मी पाच वर्षं खुर्चीत काढलीत, म्हणून लिहिते. रेडिओला उलटून विचारता येत नाही. मला बोलतं केलं बचत गटाने. थकलेल्या हप्त्यांवरून दर महिन्याला वाद घालून आवाज सुटला. पण एक गोष्ट रेडिओचीच. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे मला कापूस वेचताना, बांधावरच्या ट्रान्झिस्टरवर कळलं. तोवर आमच्या गावात ती कागदावरच व्हायची. पहिल्या खऱ्या सभेला अकराजणी आल्या आणि पाण्याशिवाय दुसरा विषयच निघाला नाही.

अमळनेरकर: महिला सभेचं पटलं, मागे घेतो तेवढं. पण आज काय? खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, ऐकवायच्याच तर आकाशवाणीच्या. गाणीच गाणी. घरातला रेडिओ गेला आणि आमच्या सुनेचा मोबाइल दुपारभर नातवाच्या हातात असतो. तिने हे शब्द उचलायचे कुठून?

तापीकाठची: म्हणूनच मला पंचायतीचं बजेट अहिराणीत समजावणारा रोजचा अर्धा तास हवाय, भाऊ. दुपारी दोनला, भांडी आवरल्यावर.