किंडलवर केओरीडर (पुस्तकं वाचायचं फुकटचं ॲप) टाकावं का?

प्रश्न: आजोबांची जुनी पुस्तकं स्कॅन करून पीडीएफ केलीत पण किंडलवर अक्षर मुंगीएवढं दिसतं, झूम केलं की अर्धी ओळ बाहेर. जेलब्रेक (कंपनीचं कुलूप तोडून बाहेरचं ॲप टाकायची सोय) करून केओरीडर टाकलं तर फरक पडेल? इंदुरात कुणी केलंय?

उत्तर १: पडेल ना भिया! केओरीडर कडेचा कोरा भाग कापतं, रीफ्लो करतं (ओळी स्क्रीनच्या रुंदीत नव्यानं बसवतं), डीजेव्हीयू ही स्कॅनची फाइलसुद्धा उघडतं. आधी एअरप्लेन मोड लाव, नाहीतर अपडेट गुपचूप येतं नि जेलब्रेकची वाट बंद होते, मग फर्मवेअर (किंडलच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती) बघ, 5.18.1 च्या खालचं असलं तर विंटरब्रेक ही जेलब्रेकची पद्धत वापर.

उत्तर २: स्कॅनवर रीफ्लो कधीकधी मात्रा-वेलांट्या तोडतं हो, मी नुसतं क्रॉप करून आडवं धरून वाचतो. वॉरंटी असेल तर हात लावू नका. नवीन घ्यायचं तर कोबो (दुसऱ्या कंपनीचं ई-रीडर), त्याला जेलब्रेक लागतच नाही.

प्रश्नकर्ता: वॉरंटी केव्हाच संपलीय, रविवारी बसतो.