पौलाने शेमा वाढवला, की फोडून दोघांत वाटला?

पाटीपेन्सिल
करिंथकरांस पहिलं पत्र, ८:६. इ.स. ५३ ते ५५ च्या सुमारास इफिसहून लिहिलेलं, म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानाच्याही आधीचं. वाद चाललाय मूर्तींना दाखवलेल्या नैवेद्याच्या मांसाचा, आणि पौल, म्हणजे सुरुवातीचा ख्रिस्ती प्रेषित आणि या पत्राचा लेखक, मध्येच सांगून जातो: आपल्याला एकच देव, पिता, ज्याच्यापासून सर्व काही, आणि एकच प्रभू, येशू ख्रिस्त, ज्याच्या द्वारे सर्व काही.

शेजारी ठेवा शेमा, म्हणजे ‘हे इस्राएला, ऐक’ हे ज्यू लोक सकाळ-संध्याकाळ म्हणतात ते वचन (अनुवादाचं पुस्तक, ६:४). त्याच्या जुन्या ग्रीक भाषांतरात कळीचे शब्द तीन: कुरिओस (प्रभू), थेओस (देव), हेइस (एक). पौलाने थेओस पित्याला दिला, कुरिओस येशूला, आणि ‘एक’ दोघांनाही. एका देवाशेजारी दुसरा देव उभा केला असता, तर दोनच वाक्यं आधी (८:४) स्वतः लिहिलेलं ‘एकाखेरीज देव नाही’ त्यानेच मोडलं असतं. नव्या कराराचे अभ्यासक रिचर्ड बॉकम ‘दैवी ओळख’ म्हणतात ती हीच: येशूला देवाच्या ओळखीतच आत घेणं. त्या काळच्या ज्यूंचा देव प्रामुख्याने दोन खुणांनी ओळखला जायचा: सगळं त्याने निर्माण केलं, आणि सगळ्यावर सत्ता त्याची. पहिली खूण इथे येशूला लागते, दुसरी फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात. तेव्हा येशूचं देवपण ३२५ साली बिशपांच्या निकिया परिषदेत ठरलं, हे पालुपद आता पुरे.

उलटतपासणी
निकियाचं पालुपद मलाही नको. पण शेमा तिथे आहे हे तुम्ही धरून चाललात. मधलं ८:५ का गाळलंत? तिथे ‘पुष्कळ देव आणि पुष्कळ प्रभू’ आहेत, आणि ८:६ त्या जोडीला जोडीनेच उत्तर देतं.

दुसरं, शब्दयोगी अव्ययं बघा. पित्याला ‘पासून’ (ग्रीक ‘एक्’), येशूला ‘द्वारे’ (ग्रीक ‘दिआ’). अलेक्झांड्रियाचा फिलो, पौलाचाच समकालीन ज्यू, करूबांवरच्या ग्रंथात घर बांधणीचा दाखला देऊन हाच हिशोब मांडतो: करणारा देव, माल चार महाभूतं, हेतू देवाचा चांगुलपणा, आणि ज्याच्या द्वारे काम झालं ते हत्यार म्हणजे लोगोस, देवाचा शब्द. हत्याराला कोणी गवंडी म्हणत नाही. शिवाय याच पत्रात १५:२८ ला पुत्र स्वतः पित्याच्या अधीन होतो. ही मुखत्याराची भाषा आहे.

पाटीपेन्सिल
रोमकरांस ११:३६ बघा: ‘त्याच्यापासून, त्याच्या द्वारे, त्याच्यासाठी सर्व काही’. तिन्ही अव्ययं एकट्या देवाला. ‘द्वारे’ आलं की हत्यार, हा नियम फिलोचा. पौल तो पाळत नाही. ८:५ ची जोडी मान्य. पण ८:४ मधलं ‘एकाखेरीज देव नाही’ शेमाच्या सावलीतलंच, आणि ते जोडीच्या आधी आलंय. १५:२८ ला माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

कोरा कागद
दोघंही छापील ग्रीक प्रत समोर ठेवून भांडताय. ख्रिस्तपूर्व काळातल्या जुन्या कराराच्या ज्या ग्रीक प्रतींत देवाचं नाव (हिब्रूत चार अक्षरी, ‘यहवे’) शिल्लक आहे, त्या काय म्हणतात? पपायरस फुआद २६६, अनुवादाच्याच पुस्तकाची प्रत: ग्रीक मजकुरात नाव तेवढं चौकोनी हिब्रू अक्षरांत. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या चौथ्या गुहेतलं लेवीय: तिथे त्या नावाचं ग्रीक अक्षरांतलं रूप, ‘इआओ’. नहल हेवेरची बारा संदेष्ट्यांची गुंडाळी: प्राचीन हिब्रू लिपीत तीच चार अक्षरं. कुरिओस नाहीच. मग पौलाने कुरिओस उचलला कुठून?

उलटतपासणी
इथे मी धागाकर्त्यांच्या बाजूने. लिहिलेलं आणि वाचलेलं यात फरक असतो. हिब्रूत चार अक्षरं दिसली तरी तोंडाने ‘अदोनाय’ (प्रभू) म्हणतात. ग्रीक वाचणारा कुरिओस म्हणत असणार, कारण फिलोची आणि पौलाची मांडणी त्याशिवाय चालत नाही. रोमकरांस १०:१३ मध्ये पौल योएलचं ‘जो कोणी प्रभूचं नाव घेईल तो तरेल’ हे वचन येशूला लावतो. ‘प्रभू’ शब्द काढला की तो युक्तिवाद कोसळतो.

खिळेजुळारी
हे उदाहरण मराठीत का हुकतं तेही सांगतो. आपल्या बायबलात योएल २:३२ ला ‘परमेश्वर’ आहे, रोमकरांस १०:१३ ला ‘प्रभू’. ग्रीक वाचकाला एकच शब्द दिसतो, आपल्याला दोन, आणि सांधा तिथेच निखळतो. म्हणून जुन्या कराराचं वचन नव्यात आलं की मागे जाऊन ‘परमेश्वर’ कुठे होता ते तपासावं.

स्तोत्र ११०:१ ला मात्र उलटं होतं. ग्रीकमध्ये ‘प्रभू माझ्या प्रभूला म्हणाला’ असा घोळ. मराठीतलं ‘परमेश्वर माझ्या प्रभूला’ हिब्रूला जास्त धरून आहे. तिथे दुसरा शब्द ‘अदोनी’, जो राजाला किंवा धन्याला लावतात. व्यंजनं ‘अदोनाय’चीच, स्वरचिन्हं मसोरा पंडितांनी (हिब्रू बायबलाचा पाठ जपणाऱ्या ज्यू विद्वानांनी) काही शतकांनंतर घातली. त्यामुळे त्या एका स्वरावर कुणीच फार उड्या मारू नयेत.

तिसरी घंटा
मला दोन्ही बाजूंची चौकट अरुंद वाटते. कुमरानच्या अकराव्या गुहेतल्या मलकीसदेक लेखात स्तोत्र ८२ मधला ‘एलोहिम’ (देव) हा शब्द मलकीसदेकाला, म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकातल्या याजक-राजाला, लावलाय. हनोखच्या नावावरच्या जुन्या ज्यू ग्रंथात ४८:५ ला पृथ्वीवरचे लोक मनुष्यपुत्रापुढे लोटांगण घालतात. एकेश्वरवाद शाबूत आणि बाजूला एक थोर व्यक्ती, हे ज्यूंना नवीन नव्हतं. पुढे तालमूद या रब्बींच्या ग्रंथात (सनहेद्रिन ३८ब) मेटाट्रॉन नावाच्या देवदूतावरून रब्बींना एका पाखंड्याशी वाद घालावा लागतो, तो उगाच नव्हे.

आणि लोटांगणावरून देवपण सिद्ध करू नका. १ इतिहास २९:२० मध्ये लोक परमेश्वराला आणि राजाला एकाच क्रियापदाने नमन करतात. वेगळं क्रियापद आहे ‘लात्रेउएइन’, म्हणजे उपासनेची सेवा. ते नव्या करारात येशूला उघडपणे कुठे लागतं ते दाखवा.

पाटीपेन्सिल
नमनाचा मुद्दा बिनतोड. तरी फिलिप्पै २:१० वेगळं आहे. ‘प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल’ हे यशया ४५:२३, आणि त्याच्या एकच ओळ आधी ‘मीच देव, दुसरा कोणी नाही’. दुसऱ्याला न देण्याचा मान म्हणून जे वचन आहे तेच येशूला दिलंय.

उलटतपासणी
रोमकरांस १४:११ ला तेच वचन पौल देवाला लावतो. आणि फिलिप्पैचं वाक्य थांबतं ‘देव जो पिता त्याच्या गौरवासाठी’ इथे. ‘ओळखीत आत घेतलं’ म्हणण्यापेक्षा ‘उजवीकडे बसवलं’ म्हणा.

पाटीपेन्सिल
पौलापुरतं कदाचित. पण प्रकटीकरण २२:३ ला बसायची जागा एकच आहे: ‘देवाचं आणि कोकऱ्याचं (म्हणजे येशूचं) सिंहासन’, एकवचनी. पुढे ‘त्याचे दास त्याची सेवा करतील’. सर्वनामही एकवचनी, आणि क्रियापद तिसरी घंटा यांनी मागितलेलं लात्रेउएइनच.

तिसरी घंटा
‘उघडपणे’ असं म्हटलं होतं. ते ‘त्याची’ कुणाची, हे तिथे मुद्दाम उघड ठेवलेलं नाही.