सेरेब्रल पाल्सी: साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी पंचकर्म करावं का?

चिऊची_आई: लेक साडेतीन वर्षांची, स्पास्टिक डायप्लेजिया (सेरेब्रल पाल्सीचा प्रकार, यात मुख्यतः दोन्ही पायांचे स्नायू ताठर असतात). उभं केलं की पाय कात्रीसारखे अडकतात, टाचा टेकत नाहीत. फिजिओथेरपी आणि फिटचं औषध (व्हॅल्प्रोएट) चालू आहे. सासूबाईंच्या आग्रहाखातर एका ठिकाणी विचारलं, तर म्हणाले, "सहा महिन्यांत चालवून दाखवतो, पण आधी इंग्रजी गोळ्या बंद करा." मन धजावत नाही. कुणी हे उपचार केलेत का?

अथर्वचे_बाबा: ताई, गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याकडे परत जाऊच नका. फिटचं औषध एकदम तोडलं तर फिट थांबता थांबत नाही अशी वेळ येऊ शकते.

बाकी आमचा अनुभव चांगला आहे. अभ्यंग आणि षष्टिकशाली पिंडस्वेद केला. साठेसाळीचा तांदूळ बलामूळाच्या काढ्यात आणि दुधात शिजवतात, त्याच्या गरम पुरचुंड्या अंगावर फिरवतात. मुलाचा अंगठा कायम मुठीत दाबलेला असायचा. शेक झाला की बोटं एकेक करून सोडवता यायची, न रडता. तो सैलपणा काही तासच टिकतो. म्हणून त्यानंतर लगेच स्ट्रेचिंग आणि उभं राहण्याचा सराव ठेवा. खरी कमाई तिथे आहे. नुसतं तेल चोळून घरी आणलं तर फार काही हाती लागत नाही.

वैद्य_कौमारभृत्य: सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा आयुर्वेदानेही भरून येत नाही, हे आधी स्पष्ट सांगते. आम्ही वातव्याधी (वात बिघडल्याने होणारा आजार) म्हणून उपचार करतो: स्नायूंचा ताठरपणा, बद्धकोष्ठता, झोप, भूक यांवर काम. यावरचे अभ्यास बहुतेक छोटे आहेत, त्यामुळे "चालवून दाखवतो" अशी हमी कुणी देऊ नये. बस्ती (औषधी तेल किंवा काढ्याचा एनिमा) उपयोगी पडते, पण मात्रा वय-वजन बघून ठरते. घरी करू नका. ताप किंवा जुलाब असतील तर सगळंच थांबवायचं.

चिऊला फिट येतात, म्हणून कापूर असलेलं तेल वापरू नका, कापराने फिट येऊ शकते. गिळताना ठसका लागत असेल तर नाकात थेंबही नकोत. भस्मं किंवा रसौषधी (धातू, पारा वापरून केलेली औषधं) परस्पर आणून देऊ नका, शिसं-पाऱ्याचा धोका असतो. पोटातून काहीही सुरू करण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना यादी दाखवा.

चिऊची_आई: ठसका पाणी पिताना लागतो. मग नस्य (नाकात औषधाचे थेंब) नाहीच. सुवर्णप्राशन (मध-तुपातून सोन्याचं भस्म चाटवणं) चालेल का?

वैद्य_कौमारभृत्य: त्याने पाय सैल होणार नाहीत, त्यावर पैसे घालवू नका. त्यापेक्षा खुब्याचा एक्स-रे झालाय का ते बघा. पाय असे आत ओढले जातात तेव्हा खुबा हळूहळू सरकू शकतो, आणि सुरुवातीला बऱ्याचदा दुखतही नाही. तो बघितल्याशिवाय मांड्यांना जोराचं मर्दन नको. पाण्याच्या ठसक्याचंही डॉक्टरांना सांगा, गिळण्याची तपासणी करून घ्या.

अथर्वचे_बाबा: आणि निरामय आरोग्य विमा (अपंग व्यक्तींसाठीची सरकारी योजना) काढला नसेल तर काढा. सेरेब्रल पाल्सी त्यात येते, वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागेल.